घारापुरीचा दिवस नीट लावायचा तर

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला घारापुरीच्या जेट्टीवर उभं राहिलं की मुंबईकर पर्यटकाची एक ठरलेली धावपळ दिसते. उशिरा सुटलेली लाँच, टळटळीत ऊन, पायऱ्यांवरच्या दुकानांत अर्धा तास, लेण्यात शिरल्याबरोबर थेट त्रिमूर्तीकडे धाव, तिच्यासमोर फोटो, बाहेर पडून लिंबू सरबत आणि परतीच्या लाँचची घाई. घरी गेल्यावर विचारलं तर एकच मूर्ती आठवते. बाकीच्या आठ शिल्पपटांसमोरून माणूस गेलेला असतो, पण त्याने ते पाहिलेले नसतात. आणि बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगरावर विटांचा स्तूप आहे, हे तर बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं.

घारापुरी हे लहानसं बेट आहे. गेटवे ऑफ इंडियापासून साधारण दहा-अकरा किलोमीटरवर, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. दोन डोंगर, मध्ये खोलगट दरी, काठाने तिवरांची दाटी आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावं. भरतीला आणि ओहोटीला बेटाचा आकार बदलतो. पाणी ओसरलं की भोवतीचा चिखलपट्टा उघडा पडतो आणि बेट चांगलंच मोठं दिसू लागतं. एवढ्याशा जागेत सहाव्या शतकातलं शैव लेणं, त्याच्याही आधीचे बौद्ध अवशेष, डोंगरमाथ्यावरच्या तोफा आणि आजचं आगरी-कोळी जीवन एकत्र आहे. ते पाहायला पूर्ण दिवस लागतो, आणि दिवस नीट लावला तर तो पुरतोही.

पहिली गोष्ट वाराची. लेणी सोमवारी बंद असतात. दर वर्षी कितीतरी कुटुंबं बाहेरगावाहून येऊन सोमवारीच गेटवेला उभी राहतात आणि हिरमुसून परततात. दुसरी गोष्ट वेळेची. गेटवेहून पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमाराला सुटते आणि प्रवासाला तासभर लागतो. म्हणजे पहिल्या लाँचने निघालं तर दहा-सव्वादहाला बेटावर पाय लागतो आणि गर्दीच्या आधीचे दोन तास हाती येतात. हे दोन तास अतिशय मोलाचे. उतरल्याबरोबर परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते जेट्टीवरच विचारून घ्यावं, कारण पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. पावसाळ्यात बेट हिरवंगार होतं, पण समुद्र खवळला की लाँच बंद ठेवल्या जातात. त्या दिवसांत निघण्यापूर्वी चौकशी करावीच. सगळ्यात सुखाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

लाँचमध्ये बसल्यावर लाइफ जॅकेट मागून घ्यावं, अंगात घालावं आणि मुलांच्या जॅकेटचे बंद स्वतः बांधावेत. उकडतं, फोटो चांगले येत नाहीत, ही कारणं बाजूला ठेवावीत. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचे प्राण गेले. तेव्हा समुद्र शांत होता आणि दुपारची वेळ होती. लाँच भरगच्च वाटली तर ती सोडून पुढची पकडावी. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

हा तासाभराचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मागे गेटवे आणि ताजमहाल हॉटेल लहान होत जातं. नौदलाच्या गोदीतली जहाजं दिसतात, मग जवाहर द्वीप लागतं. तिथे तेलवाहू जहाजं रिकामी होतात. उत्तरेला तुर्भ्याचा डोंगर आणि अणुसंशोधन केंद्राचे घुमट दिसतात. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो आणि पूर्वेला न्हावाशेव्याच्या बंदरातल्या उंच क्रेन दिसू लागतात. हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांचे थवे लाँचच्या मागे लागतात. त्यांना वेफर, गाठ्या टाकण्याची सवय प्रवाशांनी लावली आहे. ते त्यांचं खाणं नव्हे. टाकू नये, आणि शेजारच्यालाही समजावून सांगावं.

जेट्टी लांबलचक आहे. तिथून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी धावते. लहान मुलांना तिचं अप्रूप असतं आणि गुडघे दुखणाऱ्यांना ती खरोखर सोयीची पडते. चालणाऱ्यांना मात्र दोन्ही बाजूंचं तिवरांचं रान, चिखलातले खेकडे आणि बगळे जवळून पाहता येतात. पुढे साधारण १२० पायऱ्या आहेत. चढ अंगावर येणारा नाही, पण दुपारी दगड तापतो. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. दर आधी ठरवून घ्यावा आणि डोली वाहणाऱ्यांशी उगीच घासाघीस करू नये, कारण ते काम मोठ्या कष्टाचं आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, दगडी हत्ती यांची दुकानं आहेत. खरेदी परतताना करावी. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये. इथली माकडं सराईत आहेत, पिशवीचा चुरचुर आवाजही त्यांना पुरतो.

आता मुख्य लेणं. वर पोचल्यावर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे, जवळच छोटं संग्रहालय आहे. पंधरा-वीस मिनिटं आधी संग्रहालयात घालवली तर पुढचं सगळं सोपं जातं.

एका अखंड काळ्या बेसॉल्टच्या कड्यातून कोरून काढलेलं हे लेणं साधारण ३९ मीटर लांब-रुंद आहे. खांब खाली चौकोनी आणि वर गोल, पन्हळी कोरलेले. त्यांच्या माथ्यावरचा भाग ओझ्याखाली दबलेल्या उशीसारखा दिसतो. डोंगराचं वजन या खांबांना जाणवतंय असं वाटावं, ही त्या कारागिरांची करामत आहे. काम सहाव्या शतकाच्या मध्याचं मानलं जातं. कोणी करवलं याबद्दल बराच काळ वाद होता. राष्ट्रकूट, चालुक्य, कोकणचे मौर्य अशी वेगवेगळी नावं घेतली गेली. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी लेण्याचा संबंध कलचुरींशी जोडला. आज हेच मत सर्वाधिक मान्य आहे. कलचुरी पाशुपत शैव होते, आणि आतली शिल्पं पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवली तर बरंच उलगडतं.

उत्तरेकडच्या दारातून आत शिरल्यावर पाच मिनिटं काहीही करू नये. फोन खिशात ठेवावा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतला उजेड दिसू लागायला वेळ लागतो. समोर, अगदी शेवटच्या भिंतीत, त्रिमूर्ती अंधुक दिसते आणि पाय तिकडे ओढले जातात. तो मोह आवरावा. डावीकडे वळावं आणि प्रदक्षिणेच्या वाटेने, लेण्याचा मध्य उजव्या हाताला ठेवून, एकेक शिल्पपट पाहत जावं. त्रिमूर्ती या वाटेवर निम्म्यात भेटते, आणि तिच्याआधी चार शिल्पं पाहिलेली असतात म्हणून ती जास्त कळते.

दाराजवळ डाव्या हाताला योगीश्वर आहे: पद्मासनात बसलेला, ध्यानात बुडालेला शिव. अनेक अभ्यासक त्याचं नातं पाशुपत पंथाचा आचार्य लकुलीश याच्याशी जोडतात. नेमका त्याच्या समोर, दाराच्या उजवीकडे, नटराज आहे. एकीकडे संपूर्ण स्थिरता, दुसरीकडे संपूर्ण गती. लेण्यात पाऊल टाकणाऱ्याला कलाकारांनी पहिल्याच क्षणी दोन टोकं दाखवली आहेत. नटराज शेवटी पाहायचा आहे, आत्ता फक्त मान वळवून नजर टाकावी.

ईशान्येला रावण कैलास हलवतो आहे. हे शिल्प फार झिजलं, फुटलं आहे. तरी वर बसलेल्या शिवाची बेफिकीर बैठक कळते. आग्नेयेला कैलासावरचे शिव-पार्वती आहेत. चौसर खेळताना रुसलेली पार्वती अशी या पटाची ओळख करून देतात. इथेही मोडतोड बरीच. मग दक्षिणेच्या भिंतीकडे वळावं. इथे तीन भव्य पट शेजारी शेजारी आहेत आणि इथे घाई केली तर सगळी फेरी फुकट गेली असं समजावं.

पहिला अर्धनारीश्वर. नंदीवर रेललेली ही आकृती समोरून पाहिली की आधी कळतच नाही की डावं-उजवं अंग वेगळं आहे, इतका तो तोल सहज आहे. मग लक्षात येतं: एका बाजूला पुरुषाचा रुंद खांदा आणि नंदीच्या शिंगावर टेकलेला हात, दुसऱ्या बाजूला स्त्रीची बाहेर झुकलेली कंबर आणि हातात आरसा. मुकुटाच्या दोन बाजूही वेगळ्या आहेत. भोवती देवगणांची गर्दी आहे, ब्रह्मा, विष्णू, इंद्र आपापल्या वाहनांवर आहेत, पण नजर मधल्या आकृतीवरून हलत नाही.

मग सदाशिव, ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो. ब्रह्मा, विष्णू, महेश अशी या तीन मुखांची ओळख अनेक गाईड आजही सांगतात, पण तीनही मुखं शिवाचीच आहेत. मूर्ती छातीपर्यंतच कोरली आहे आणि तरीही अठरा-वीस फूट उंच आहे. मधलं मुख तत्पुरुषाचं: डोळे मिटलेले, खालचा ओठ भरलेला, चेहऱ्यावर कसलाच ताण नाही. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला अघोर आहे. त्याच्याकडे तीन-चार पावलं सरकून पाहावं. मिशी, वळलेल्या भुवया, हातात नाग, केसांत कवटी. मग उजवीकडे यावं. तिथे वामदेव, म्हणजे शिवाचं उमेशी एकरूप झालेलं सौम्य रूप: केसांच्या बारीक बटा, मोत्यांच्या सरी, हातात कमळ. मध्यभागी उभं राहून फोटो काढणाऱ्याला हे दोन्ही चेहरे अर्धेच दिसतात. ही मूर्ती हलत हलत पाहायची आहे. मूर्ती उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे तिच्यावर थेट ऊन पडत नाही. दारातून येणारा उजेड खालून जमिनीवरून परावर्तित होऊन चेहऱ्यावर येतो. फ्लॅश मारला की तो सगळा परिणाम पुसला जातो. पुढच्या पाहुण्यांना थोडी जागा करून देऊन मागच्या खांबापाशी बसावं आणि निदान दहा मिनिटं नुसतं पाहावं.

उजवीकडचा पट गंगाधराचा. वर, शिवाच्या डोक्यावर, तीन मुखांची गंगा उतरते आहे. शेजारी पार्वती उभी आहे, अंग किंचित दुसरीकडे वळवून. सवत घरात येते आहे हे तिला कळलेलं दिसतं. पायाशी भगीरथ आहे.

नैर्ऋत्येला कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न. संपूर्ण लेण्यातलं सगळ्यात कोवळं शिल्प हेच. शिवाने पार्वतीचा हात धरला आहे, तिची मान खाली गेली आहे, ब्रह्मा भटजी होऊन होमाशी बसला आहे, मागे वधूपिता हिमवान लेकीला पुढे करतो आहे. नाशिक-पुण्याकडच्या कुठल्याही लग्नमांडवात दिसणारी ही माणसं आहेत. इथून गाभाऱ्याला वळसा घालून वायव्येला जावं. तिथे अंधकासुराचा वध आहे: सुळे दाखवणारा, डोळे वटारलेला शिव, हातात तलवार, रक्त धरायचं पात्र, पाठीमागे ताणलेलं हत्तीचं कातडं. पाय फुटून गेले आहेत, तरी अंगातला आवेश कमी झालेला नाही. हळदीच्या अंगाचा नवरदेव आणि हा संहारक, दोघांच्या मध्ये फक्त गाभारा आहे.

तो गाभारा चौकोनी आहे आणि त्याला चारही दिशांना दारं आहेत. प्रत्येक दाराशी दोन, असे आठ द्वारपाल पंधरा फुटांच्या आसपास उंचीचे. आत लिंग. लेण्याचा खरा केंद्रबिंदू हाच. पूर्वेकडच्या अंगणातून आत येणारा भक्त सरळ या लिंगाकडे चालत यायचा, त्यामुळे मूळचं मुख्य दार पूर्वेचं असावं असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. महाशिवरात्रीला इथे भाविकांची गर्दी होते. आपण देवळात आहोत हे एरवीही विसरू नये. शेवटी नटराजापाशी परत यावं. त्याचे आठ हात आणि पाय बरेचसे तुटलेले आहेत, तरी धडाचा पीळ एवढा पक्का आहे की उरलेलं नृत्य पाहणाऱ्याच्या मनात पूर्ण होतं.

पूर्वेच्या अंगणात सिंहांनी राखलेल्या पायऱ्या आणि मातृकांचं शिल्प असलेलं छोटं दालन आहे. तिकडे क्वचितच कुणी जातं, जावं.

मूर्ती एवढ्या का फुटल्या, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, त्यात हे बेटही गेलं. शिपायांनी मूर्तींवर नेमबाजी केल्याचं सांगितलं जातं. त्याच पोर्तुगिजांपैकी गार्सिया द ओर्ता आणि जुआंव द कास्त्रो यांनी लेण्याची थक्क होऊन वर्णनं लिहून ठेवली, हेही मुलांना सांगावं. लेण्यात एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालला नेला आणि पुढे हरवला, असं इतिहासकार दियोगु दु कूतू याने नोंदवलं आहे. तो लेख असता तर लेणं कुणी कोरवलं हा वाद उरलाच नसता. आज मूर्तीला पाठ टेकून फोटो काढणारा, खांबावर नाव कोरणारा माणूस पाहिला की या नुकसानीचा विचार मनात येतो. तिथे गप्प बसू नये, नम्रपणे पण स्पष्ट बोलावं.

पुढची लेणी, दोन ते पाच क्रमांकांची, त्याच डोंगराच्या कडेने आहेत. ती साधी आणि काही अपुरी आहेत. अर्ध्या तासात होतात. मग तोफांच्या डोंगरावर चढावं. चढ अर्ध्या तासाचा, माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या दोन अवजड तोफा आणि चौफेर बंदराचा देखावा. दुपारी बारा ते तीन मात्र टाळावं आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी.

पूर्वेकडचा डोंगर वेगळ्या तयारीने करावा. तिथे सीताबाईचं लेणं म्हणून ओळखलं जाणारं सहावं लेणं आणि जवळच सातवं आहे. सहाव्या लेण्याचा पोर्तुगीज काळात चर्च म्हणून वापर झाला होता. पलीकडे विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. शैव लेण्याच्या कितीतरी आधी इथे बौद्ध वस्ती होती, हे त्या विटा सांगतात. वाटेवर पाट्या कमी आणि झाडी दाट आहे. गावातला माणूस बरोबर घ्यावा, त्याला रीतसर मानधन द्यावं. वाट तर सापडतेच, शिवाय तो बेटाबद्दल जे सांगतो ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

जेवणही गावातच घ्यावं. पायथ्याशी आणि पायऱ्यांच्या वर घरगुती खानावळी आहेत. तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, सोलकढी. बोरं, कैऱ्या, ताडगोळे विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. त्यांना दिलेले वीस-पन्नास रुपये थेट घरात जातात. या गावांच्या आयुष्यात फेब्रुवारी २०१८ हा महत्त्वाचा महिना आहे. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तेव्हा बेटावर कायमची वीज आली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग अंधार. जागतिक वारसा स्थळ म्हणून १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बेटाच्या मुलांनी त्यानंतर तीस वर्षं कंदिलावर अभ्यास केला. पर्यटकांनी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही याच मंडळींना गोळा कराव्या लागतात. कचरा पिशवीत भरून लाँचने परत मुंबईला आणणं एवढं तरी प्रत्येकाने करावं.

एक गोष्ट मात्र बेटावर पाहायला मिळणार नाही. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तो दगडी हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणले गेले, १९१४ मध्ये जोडले गेले, आणि आज तो हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. घारापुरी पाहून आलेल्यांनी दुसऱ्या दिवशी तिथे जरूर जावं. घारापुरी सोमवारी बंद आणि राणीची बाग बुधवारी बंद, म्हणून मंगळवार धरून निघणाऱ्यांनी हत्तीसाठी गुरुवार ठेवावा. गर्दी टाळायची असेल तर गुरुवारी बेट आणि शुक्रवारी हत्ती हा बेत सगळ्यात चांगला.